मुलास एक सूट

पत्र इंग्रजीत होतं, म्हणून सुलक्षणाने ते तीनदा वाचलं. भांडुपच्या टेकडीवरच्या त्या दीड खोलीत तिचे वडील लवू धुरी खाटेवर, आई वनमाला स्टोव्हपाशी आणि शेजारचा अंबादास टेलर दारात, अशी तिघं श्वास रोखून ऐकत होती. सोनपरी चहाच्या स्पर्धेत 'सोनपरी चहा मला आवडतो, कारण' याच्या पुढचं वाक्य लवूने स्वतः जुळवून पाठवलं होतं, आणि त्याला पहिलं बक्षीस लागलं होतं.

"वन लक्झरी सूट," सुलक्षणाने बोट ठेवून वाचलं. "फॉर टू. वन नाईट. हॉटेल सागरमहाल, जुहू. शनिवारी दुपारी दोन वाजता पत्र घेऊन स्वतः यायचं."

"सूट?" लवू खाटेवरून उठला. "परत वाच गो."

"एस यू आय टी. आणि शेवटी एक ई जास्त पडलाय."

"टायपिस्टची चूक," अंबादास म्हणाला. सुटाच्या बाबतीत भांडुपमध्ये त्याचा शब्द शेवटचा मानला जाई. त्याने आयुष्यात दोन सूट शिवले होते आणि त्यातला एक अजून वापरात होता. "फॉर टू म्हणजे टू-पीस. कोट आणि पँट. जाकीट देत नाहीत."

"आणि वन नाईट कशाला?" वनमालेने विचारलं. "रात्री घालून झोपायचा असतो का?"

"वहिनी, संध्याकाळच्या पार्टीचा सूट वेगळा असतो. उंची माल. साधे लोक तो दिवसा घालत नाहीत."

लवू परत खाटेवर बसला आणि नुसताच हसत राहिला. वनमालेने स्टोव्ह बारीक केला आणि त्याच्याकडे बघत राहिली. महिनाभरात हा माणूस हसला नव्हता.

त्याला कारण होतं. सुलक्षणाचं लग्न घाटकोपरच्या नंदकुमार तावड्याशी ठरलं होतं. मुलगा सोन्यासारखा, विक्रोळीच्या एका कंपनीत टायपिस्ट. आई-वडील लहानपणीच गेलेले, विधवा आत्याने त्याला वाढवला होता. या जयंती आत्यांनी बैठकीत सांगितलं होतं, "आम्हाला काही म्हणजे काही नको. हुंडा नको, भांडी नकोत. मुलास एक सूट, बस." आणि स्वतःच्या हाताने यादीत तेवढी एकच ओळ लिहिली होती. लवूने चाचरत विचारलं होतं, सुटाऐवजी सफारी चालेल का. त्यावर आत्या म्हणाल्या होत्या, "मी एकदा लिहिलं ते लिहिलं. खोडाखोड करायची मला सवय नाही."

लवूने "दिला" म्हणून शब्द दिला होता. गिरणी बंद पडून चार वर्षं झाली होती आणि मुलुंडच्या एका गोदामात तो खोकी मोजत होता, पण मुलीच्या बैठकीत दिलेला शब्द त्याला गिरणीहून मोठा वाटत होता. तेव्हापासून तो रोज कापडाच्या दुकानासमोर उभा राहायचा. काचेतल्या बिनडोक्याच्या पुतळ्याला निळा सूट घातलेला होता. लवू त्यावर मनातल्या मनात नंदकुमारचं डोकं बसवायचा, मुंडावळ्या बांधायचा, आणि दुकानदार बाहेर आला की चालू लागायचा.

रविवारी लवू पत्र घेऊन घाटकोपरला गेला. नंदकुमारने ते बराच वेळ वाचलं. मग घडी केली, परत उघडलं, परत वाचलं.

"ई जास्त पडलाय, नाय?" लवूने आनंदाने विचारलं.

नंदकुमारने लवूच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "हो मामा," तो म्हणाला. "पडलाय खरा."

"फुकटचा असला तरी माझी ना नाही," जयंती आत्या म्हणाल्या. त्यांच्या एका खोलीत सात माणसं राहत होती, दिराचं सगळं कुटुंब धरून, त्यामुळे आत्या बोलत होत्या तेव्हा त्यांच्या मागे कुणी दाढी करत होतं आणि कुणी पाढे म्हणत होतं. "पण माप तिथल्या तिथे घ्यायचं. नंदूला घेऊन जा. आणि चार वाजता मी ट्रायल बघायला येणार. मी पास केल्याशिवाय तो सूट मांडवात यायचा नाही. नापास झाला तर दुसरा द्यायचा, आधीच सांगते."

शनिवारी दोन बस बदलून तिघं जुहूला पोचले. लवूने लग्नासाठी ठेवलेलं धोतर नेसलं होतं. नंदकुमार दोन पावलं मागून चालत होता. अंबादास कापडावर लक्ष ठेवायला आला होता, गळ्यात टेप आणि पिशवीत कात्री, सुया, निळा खडू असं सगळं सामान घेऊन. मोठ्या हॉटेलातले शिंपी कापड मारतात असं त्याचं म्हणणं होतं.

हॉटेल चौदा मजल्यांचं होतं. दार काचेचं होतं आणि आपलं आपण उघडत होतं. आत पाऊल टाकल्याबरोबर गार हवा अंगावर आली आणि बाहेरच्या मार्च महिन्याशी लवूचा संबंधच तुटला. पायाखालची फरशी इतकी चकचकीत होती की त्याला त्यात स्वतःच्या धोतराचा काठ दिसत होता. कुठून तरी पेटीसारखं काहीतरी वाजत होतं. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. झोपेत चालावं तसा तो काउंटरपर्यंत गेला.

काउंटरवर मीरा नावाची मुलगी होती. पत्र बघून ती उठून उभी राहिली. "धुरीसाहेब, काँग्रॅच्युलेशन्स. तुमचा सूट रेडी आहे."

"तयार?" अंबादास चमकला. "मापाशिवाय?"

"चौदाव्या मजल्यावर आहे. सी-फेसिंग."

अंबादास लवूच्या कानाशी लागला. "डबल ब्रेस्टेड ऐकलंय, सिंगल ऐकलंय. सी-फेसिंग ही नवीन फॅशन दिसते."

"डबल आहे ना हो बाई?" लवूने खात्री करून घेतली.

"डबलच आहे सर. फक्त उद्या दुपारी बाराच्या आत सूट रिकामा करून द्या."

"खिसे तपासत असतील," अंबादास हळूच म्हणाला.

"उद्या परत का द्यायचो?" लवूचा आवाज बारीक झाला. "आमचो तर कायमचो ना?"

मीरा गोड हसली. पहिल्यांदा येणारी माणसं असंच काहीतरी बोलतात हे तिला माहीत होतं. "सगळ्यांना तसंच वाटतं सर," ती म्हणाली आणि किल्ली नंदकुमारच्या हातात दिली. नंदकुमार खाली मान घालून लिफ्टकडे चालू लागला.

लिफ्टने लवूला वर उचललं आणि त्याचं पोट थोडा वेळ खालीच राहिलं. दार उघडलं तर लांबलचक शांत बोळ आणि त्यात तांबडा गालिचा. नंदकुमारने दार उघडलं. तिघांनी चपला बाहेर काढून ओळीत लावल्या आणि आत गेले.

आत शिंपी नव्हता. शिवणयंत्र नव्हतं. एक बैठकीची खोली, तिच्या पलीकडे आणखी एक खोली, तिच्यात पलंग, आणि पलंगापलीकडे भिंतच नव्हती, नुसती काच होती, काचेबाहेर अरुंद बाल्कनी होती आणि काचेत समुद्र होता.

लवू काचेशी गेला. तो देवगडच्या बाजूचा. लहानपणी समुद्र त्याच्या परसात होता, पण तेव्हा तो खालून बघितलेला, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून. गिरणीत लागल्यापासून समुद्र असा निवांत भेटला नव्हता. आज तो चौदा मजले खाली पसरला होता, आवाजाशिवाय, आणि त्यावरची गलबतं जागची हलत नव्हती. लवूला वाटलं, नीट बघितलं तर डाव्या हाताला आपलं गाव दिसेल, आई निवडुंगाच्या कुंपणावर गोधडी वाळत घालत असेल. वनमालेला इथे आणून उभी करायला हवी असं त्याच्या मनात आलं. ती काही बोलली नसती, फक्त पदर सावरून उभी राहिली असती. सूट, शब्द, यादी, सगळं त्याच्या डोक्यातून सुटून खाली पाण्यावर तरंगायला लागलं.

"सापडला," अंबादासची हाक आली.

कपाटात हँगरला एकच कपडा होता. पांढरा, जाड, गुडघ्यापर्यंत लांब, पुढे बटणं नाहीत, कमरेला पट्टा. अंबादासने तो बोटांत चोळून पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. "लवू, हे टॉवेलचं कापड आहे."

"ह्यो सूट?"

"दुसरं काही नाही कपाटात. पँट पण नाही."

नंदकुमारला तो कपडा घालून उभा केला. बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या, खांदे कोपरापर्यंत उतरले होते. लवू पलंगाच्या कडेवर बसला आणि त्यात खोल गेला. घड्याळात तीन वाजत आले होते.

"मांडवात ह्येच्यात उभे रवतले?" तो म्हणाला. "आत्याबाईंका काय सांगू मी?"

"घाबरू नकोस," अंबादास म्हणाला. त्याच्यातला कलावंत जागा झाला होता. "कापड वाईट असलं तरी वजनदार आहे. बाह्या आत घेतो, खांदे उचलतो, पुढे तीन बटणं लावतो. लांबून लोकरीसारखं दिसेल. नंदकुमार, हात वर."

"अंबादासकाका, थांबा जरा," नंदकुमार म्हणाला, पण तोवर निळ्या खडूच्या रेघा पडल्या होत्या. त्याच्या अंगातून कपडा निघाला, कात्री चालली आणि एक बाही अंबादासच्या मांडीवर येऊन पडली.

त्याच वेळी दारावर टकटक झाली. मीरा फळांची टोपली घेऊन आली होती. दाराबाहेरच्या चपला बघूनच ती थोडी थबकली होती, आत आल्यावर तर तिची नजर त्या कापलेल्या बाहीवरच खिळली.

"हा आमचा बाथरोब आहे," ती म्हणाली.

"मग सूट कुठे आहे?" अंबादासने कात्री रोखून विचारलं. "दोन वाजल्यापासून आम्ही वाट बघतोय."

"सर, तुम्ही सुटातच उभे आहात."

अंबादासने स्वतःच्या अंगाकडे पाहिलं. लवूनेही पाहिलं. मग मीराने हात फिरवून खोली दाखवली, ही खोली, ती खोली, पलंग, समुद्र. "हा सूट. मोठ्या साहेबांच्या इंग्रजीत स्वीट म्हणतात, बाकी सगळे सूटच म्हणतो. तुम्ही आणि तुमच्या मिसेस, एक रात्र इथे राहायचं. तेच तुमचं बक्षीस." तिची नजर परत त्या बाहीवर गेली. "हे मात्र मला खाली सांगावं लागेल."

"अर्ध्या तासात होती तशी करून देतो," अंबादास म्हणाला आणि त्याने सुईत दोरा ओवला. "होती त्याच्यापेक्षा बरी करून देतो. बघा तुम्ही." मीराने घड्याळ पाहिलं, सुस्कारा टाकला आणि अर्धा तास दिला.

ती गेल्यावर अंबादास खाली बसून बाही जोडायला लागला. लवूला समुद्र दिसत होता, पण तो आता परका वाटत होता. आयुष्यात एवढं मोठं बक्षीस लागलं आणि त्यात आपला शब्द बुडाला, याचं त्याला रडू यायला लागलं. जावयासमोर डोळे पुसायला नकोत म्हणून तो काचेकडे तोंड करून बसला.

"मामा," नंदकुमार त्याच्या शेजारी येऊन बसला. "मला माहीत होतं."

"काय?"

"सूट म्हणजे खोली. मी रोज पंधरा पत्रं टाइप करतो. घाईत अक्षर गळतं, कबूल. पण तीन ठिकाणी तेच अक्षर जास्त पडत नाही."

लवू त्याच्याकडे बघत राहिला. "मगे त्याच दिवशी सांगूचा नाय?"

"सांगणार होतो. पण तुम्ही हसत होता. बैठकीपासून तुम्हाला हसताना बघितलं नव्हतं. म्हटलं शनिवारपर्यंत तरी हसू देत."

"आणि शनिवारनंतर?"

"त्याचा विचार केला नव्हता," नंदकुमार प्रामाणिकपणे म्हणाला. "मला तर सूट नकोच आहे हो. मे महिन्यात लग्न. मी त्यात उकडून मरेन. पण आत्याला कोण सांगणार?"

लवूला हा मुलगा त्या क्षणी इतका आवडला की त्याने त्याचा हात धरला. पण हात धरून चार वाजायचे थांबत नाहीत. अंबादासने शेवटची गाठ मारली आणि दारावर टकटक झाली. ती मीराची नव्हती. दणदणीत होती.

जयंती आत्या हिरवी साडी नेसून, काखेत पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी चपला ओळीत चौथ्या लावल्या आणि आत आल्या. "काय ती लिफ्ट," त्या म्हणाल्या. "कुठाय सूट? घाल रे नंदू, बघू दे."

अंबादासने रोब पाठीमागे लपवला.

"आत्या," नंदकुमार म्हणाला, "यादी आणलीयस?"

"यादी कायम माझ्याजवळ असते."

"वाच ना जरा."

आत्यांनी पिशवीतून कागद काढला. "'मुलास एक सूट.' पाठ आहे मला."

"हाच तो." नंदकुमारने मीरासारखाच हात फिरवला. "हॉटेलातल्या अशा खोल्यांना सूट म्हणतात. इंग्रजीत त्याला शेवटी ई असतो. मराठीत दोन्ही सूट सारखेच लिहितात. मामांनी मला हा दिला."

आत्यांनी खोलीकडे पाहिलं, मग लवूकडे. "सुटाला बाह्या असतात."

"तू यादीत बाह्या लिहिल्या नाहीस."

"नंदू, मी म्हातारी असेन, वेडी नाही. मला अंगात घालायचा सूट हवा होता."

"तसं लिहायला हवं होतं, आत्या. आता खोडाखोड करायची का?"

हा घाव बरोबर बसला. आत्या खोलीतून फिरायला लागल्या. पडद्याचं कापड बोटांत धरून बघितलं. पलंग दाबून बघितला. न्हाणीघरात गेल्या. नळ सोडल्याचा आवाज आला, बंद केल्याचा आला, परत सोडल्याचा आला. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता.

"गरम पाणी आपोआप येतं. किती वाजेपर्यंत येतं?"

"जात नाही, आत्या."

"आणि इथे रात्री किती माणसं झोपतात?"

"कोणीच नाही. ज्याचा सूट तो."

आत्या दारापाशी गेल्या. खटका फिरवून बघितला. "दार आतून लागतं?"

"लागतं."

आत्या तिथेच उभ्या राहिल्या. लग्न होऊन आल्यापासून आतून लावायचं दार त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. संडासाचंसुद्धा नाही, त्याची कडी तुटलेली होती. हे त्या कुणाला म्हणाल्या नाहीत, पण लवूला त्यांच्या पाठीवरून ते समजलं आणि त्याला त्यांचा पहिल्यांदा राग आला नाही.

मग त्या टेबलाशी आल्या, हॉटेलचं पेन उचललं आणि यादीतल्या त्या एकमेव ओळीपुढे लिहिलं: मिळाला. खाली सही केली.

लवूच्या छातीवरून महिनाभराचं ओझं उतरलं. त्याने वाकून आत्यांना नमस्कार केला. आता वनमालेला फोन कुठून करायचा, वाण्याकडे निरोप ठेवायचा का, ती कोणती साडी नेसेल, असं सगळं त्याच्या मनात येऊ लागलं.

"सूट मुलाचा ना?" आत्यांनी विचारलं.

"होय, मुलाचोच," लवू म्हणाला.

"मुलाचा म्हणजे आमच्या बाजूचा. मग तुम्ही दोघं इथे कसे अजून?" त्यांनी दार उघडून धरलं. "नंदू, तू पण जा. घरी सांग, आत्या उद्या दुपारी येईल."

लवूच्या ओठांवर वनमालेचं नाव आलं होतं. पण जे दिलं ते दिलं. मुलीकडच्यांनी दिलेल्या वस्तूत स्वतः राहायला मागायचं, हे त्याच्या संस्कारात बसत नव्हतं. त्याने चपला घातल्या. तिघं बोळात आले आणि मागे खटका फिरल्याचा आवाज झाला.

खाली काउंटरवर लवूने सांगून टाकलं की आता सूट आत्याबाईंकडे आहे. मीराला एवढंच कळलं की धुरीसाहेबांच्या घरातलं कुणीतरी राहणार आहे.

हॉटेलच्या मागच्या बाजूने वाळूत उतरता येत होतं. ऊन कलतं झालं होतं. लवूने धोतर वर धरून पाय पाण्यात घातले. वरून मुका वाटलेला समुद्र इथे बोलत होता, आणि तो फुकट होता. वनमालेला उद्या इथे आणायची असं त्याने ठरवलं. चौदावा मजला राहिला याची चुटपुट होती, नाही असं नाही. पण सुलक्षणाचं लग्न आता बिनघोर होणार होतं, आणि नंदकुमार शेजारी पँट दुमडून उभा होता, तोही खूश दिसत होता.

"लवू," अंबादास वर बघत म्हणाला, "तो चौदावा मजला ना?"

सगळ्यात वरच्या बाल्कनीत हिरवी साडी वाळत घातली होती. धुतलेली, पिळलेली, कठड्यावरून दोन मजले खाली सोडलेली. वाऱ्याने ती फुगत होती आणि खाली बसत होती. आजूबाजूच्या बाल्कन्यांतले गोरे पाहुणे बाहेर येऊन तिच्याकडे बघत होते.

"साडी वाळत घातली," नंदकुमार हळूच म्हणाला, "तर आत्या आत कशात आहे?"

अंबादासने क्षणभर विचार केला. "बाह्या मी बरोबर केल्यात," तो म्हणाला.

मीरा हॉटेलच्या हिरवळीवरून धावत वाळूत आली. तिचा एक बूट हातात होता. "धुरीसाहेब, प्लीज, ती साडी काढायला सांगा. मॅनेजरसाहेब ओरडतायत. दार ठोठावलं तर त्या उघडत नाहीत. सूट तुमच्या नावावर आहे."

लवूने वर पाहिलं. ती हिरवी साडी त्याच्या डोळ्यांत भरून आली. मुलीच्या लग्नात आपल्या हातून काहीतरी भरघोस दिलं गेलं, असं त्याला महिन्यात पहिल्यांदाच वाटलं.

"माझो नाय ओ," तो शांतपणे म्हणाला. "तो मुलाकडच्यांचो. आम्ही देऊन मोकळे झालो."